धावड्याच्या मुक्कामी गाडीतली फ्लॉपी

माझ्या आयुष्यातलं पहिलं नेटवर्क लाल रंगाचं होतं, त्याला सहा चाकं होती आणि ते भोकरदनला चहासाठी थांबायचं. जालन्याहून संध्याकाळी सुटणारी धावड्याची मुक्कामी एसटी ती. रात्री गाडी धावड्यात थांबायची, सकाळी परत जालन्याला जायची, आणि तिच्यातून माझ्या फ्लॉप्या ये-जा करायच्या. पुण्यात असणारा माझा भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन म्हणतो, ‘मावशी, घरून काम करणं तुमच्या काळात नव्हतं ना?’ मी त्याला काही सांगत नाही. एकतर तो सदैव मीटिंगमध्ये असतो. शिवाय ज्या कामात रोज एक डबा घासून परत पाठवावा लागायचा, त्याला घरून काम म्हणावं की आणखी काही, हे मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मी प्रोग्रामर होते. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण आमचे शेठ दिवाळी अंक वाचतात आणि चूक सापडली की फोन करतात. मोंढ्याजवळच्या एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता, तिथं मी फॉक्सप्रो शिकले. पडद्यावर नुसती अक्षरं, चित्र म्हणून काही नाही. माहितीचे तक्ते साठवायचे आणि हवी ती ओळ शोधून द्यायची, एवढंच त्याला येई. मलाही तेवढंच येई, म्हणून आमचं जमलं.

बियाण्याचा धंदा बाहेरच्याला पोत्यांचा धंदा वाटतो. खरं तर तो वाट बघण्याचा धंदा आहे. एका वेळी आलेल्या, सारख्या बियाण्याचा एक ढीग वेगळा ठेवतात, त्याला लॉट म्हणतात आणि त्याला एक नंबर देतात. मग त्यातलं थोडं बी ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठेवून त्याला कोंब किती येतात ते बघतात. ही उगवण चाचणी. कोंब पुरेसे आले तर लॉट पास, नाहीतर बियाणं म्हणून त्याचं आयुष्य तिथंच संपलं. मी जो प्रोग्राम लिहिला होता त्यात एक कुलूप घातलं होतं. प्रयोगशाळेचा आकडा भरल्याशिवाय त्या लॉटचं चलन छापलंच जाणार नाही, आणि चलन नाही तर ट्रक फाटकाबाहेर नाही.

या कुलपाचा मला इतका अभिमान होता की लग्नाच्या बोलण्यातही मी तेच सांगत बसले. मुलगा धावड्याच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘आणि ऑपरेटरनं मनानंच आकडा भरला तर?’ मी म्हटलं, असं कोण करील? प्रश्न चांगला होता. पण मी त्या वेळी त्याच्या मिशा बघत होते.

लग्न झालं आणि मी धावड्याला आले. शेठना नोकरी सोडते म्हणून सांगायला गेले तर ते म्हणाले, ‘ताई, तुमचा प्रोग्राम तुमच्याशिवाय कुणाचंच ऐकत न्हाई. दिगंबर तर त्याला घाबरतो. तुम्ही तिथूनच काही करता का बघा.’ दिगंबर म्हणजे ऑपरेटर. भला माणूस, टायपिंग जोरात, पण पडद्यावर लाल अक्षरं आली की तो खुर्ची मागं सरकवून उभा राही. शेठनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर मला दिला आणि वर म्हणाले, ‘बघू, चालेल तवर चालू द्या.’ माझ्या नेमणुकीची एवढीच काय ती अट होती.

व्यवस्था अशी ठरली. दिगंबरनं दिवसभराची माहिती संध्याकाळी फ्लॉपीवर उतरवायची आणि मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडं द्यायची. मी ती तपासायची, विजेच्या लपंडावानं काही बिघडलं असेल तर दुरुस्त करायचं, दुसऱ्या दिवशीचे तक्ते तयार करायचे आणि सकाळच्या गाडीनं फ्लॉपी परत. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरनं फ्लॉपीची पिशवी शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवली. भोकरदन येईस्तोवर फ्लॉपीचा पापड झाला. तेव्हा आमच्या भागात शिकायला शहरात राहिलेल्या पोरांना घरचा डबा एसटीनंच जायचा, म्हणून मी स्टीलचा डबा काढला आणि त्यात फ्लॉपी ठेवायला लागले. शेखमामा कंडक्टरला हे काही पटेना. एकदा डबा हातात तोलून ते म्हणाले, ‘ताई, लई हलका लागून राह्यला. शेठ जेवायला कमी घालून राह्यले का तुमाला?’ हे बहुधा शेठच्या कानावर गेलं असावं, कारण पुढच्या वेळी डब्याच्या खालच्या खणात कैरीचं लोणचं आलं. तेल वर चढलं. ती फ्लॉपी काही वाचली नाही, लोणचं मात्र उत्तम होतं.

हत्यारांबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती सगळी विजेच्या वेळापत्रकातून तयार झालेली आहेत. धावड्यात वीज यायची तेव्हा यायची. म्हणून मी प्रोग्राम आधी कागदावर पेन्सिलीनं लिहायची, चुलीवर भात ठेवून त्यातल्या चुका शोधायची, आणि वीज आली की धावत जाऊन टाइप करायची. एवढ्या घाईत लांबलचक लिहायला फुरसतच नसे. पुढं एका पुणेकर इंजिनिअरनं माझा प्रोग्राम वाचून म्हटलं, ‘मॅडम, किती आटोपशीर लिहिता.’ मी विनयानं मान खाली घातली. श्रेय वीज मंडळाचं होतं.

माऊसला मात्र माझा तात्त्विक विरोध होता. माऊसमुळं माणूस आळशी होतो, बोटांची शिस्त जाते, असं मी दिगंबरला बरेच दिवस ऐकवलं. खरी गोष्ट अशी की पहिल्यांदा माऊस हातात घेतला तेव्हा मी तो सरकवत सरकवत टेबलाच्या कडेवरून खाली पाडला होता, तोही सगळ्या ऑफिससमोर. त्याऐवजी माझं प्रेम होतं चौकटींवर. मेनूभोवती दुहेरी रेघांची चौकट, तिला सावली, वर मधोमध कंपनीचं नाव. या चौकटी काढण्यात माझा एक अख्खा पावसाळा गेला. दिगंबर म्हणायचा, ‘ताई, चौकट मस्त हाय, पण शोध लई हळू लागून राह्यला.’ मी म्हणायची, मशीन जुनं आहे.

आणि एक गोष्ट मी दिगंबरच्या डोक्यात हातोड्यानं ठोकली होती. इंडेक्स. जाडजूड पुस्तकात शेवटी कुठला शब्द कुठल्या पानावर याची सूची असते ना, तशी सूची कॉम्प्युटर बाजूला ठेवतो आणि तिच्यावरून ओळ शोधतो. नवी माहिती भरली की सूची नवी करावी लागते. नाहीतर माहिती डोळ्यांसमोर असून कॉम्प्युटर म्हणतो, नोंद नाही. मी प्रत्येक डब्यात चिठ्ठी टाकायची, ‘दिगंबर, आधी इंडेक्स, मग चहा.’

एवढं सगळं करून माझी धावड्यातली ओळख काय, तर ‘गुरुजींची मंडळी’. दिवसा घरात असते म्हणजे रिकामी असते, असा गावाचा साधा हिशेब होता. शेजारणी वाळवणाजवळ बसवून जायच्या, पाहुणा आला की ‘ताई घरीच हायेत, त्यांना सांगा’ म्हणायच्या. मी पडद्याकडं बघत बसलेली दिसले तर एक काकू कळवळून विचारायच्या, ‘काय लागलं का बाई आज टीव्हीला?’ मी हसायची, पण आतून मला ते बोचायचं. जालन्यात माझी एक खुर्ची होती, तिथं माझ्या नावानं हाक मारली जायची. धावड्यात रोज रात्री डबा येई तेवढा वेळच मी ती जुनी सुजाता असायची. हे काम गेलं असतं तर माझ्याकडं सांगायला माझं असं काही उरलं नसतं.

आणि ते जाणारच होतं. नवरात्र बसायच्या सुमाराला शेठचा फोन आला. गावातल्या टेलिफोन बूथवर जाऊन घेतला. ‘ताई, पुण्याचे लोक आल्ते. तयार प्रोग्रामचं पॅकेज दाखवून गेले. रंगीत हाय, माऊसवर चालतं. दिगंबरला बिलकुल भीती वाटली न्हाई. तुमचं काम चांगलंच हाय, पण कुठं जालना, कुठं धावडा. माझा सगळा धंदा एसटीच्या डब्यात फिरून राह्यला, हे काही बराबर वाटत न्हाई. दसऱ्यानंतर बंद करू.’ मी बरं म्हणाले. मला भांडता आलं असतं, पण बूथच्या काचेतून बाहेर चार माणसं नंबर लावून उभी होती आणि सगळी ऐकत होती. घरी येऊन मी गुरुजींना सांगितलं आणि रडले. ते म्हणाले, ‘बदली मागू का जालन्याला?’ मी म्हटलं, बदली मिळेपर्यंत पॅकेजची चौथी आवृत्ती येईल.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागात कारखाने, गॅरेज, गिरण्या बंद. यंत्रं, हत्यारं धुऊन पुसून त्यांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही. ट्रकवाले ट्रक धुतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात. त्यामुळं अष्टमीच्या संध्याकाळी सगळ्यांची एकच घाई असते, आवार रिकामं करा. गोदामात लादून ठेवलेला ट्रक नवमीला उभा राहणं कुणालाच नको असतं. त्या वर्षी आमच्या आवारात तीन ट्रक उभे होते, एक मेहकरकडं जाणारा, एक परभणीकडं, आणि एक शहागडवरून गेवराईकडं. रब्बीचे दिवस, हरभऱ्याला मागणी. हरभऱ्याच्या एका लॉटची चाचणी पुरी व्हायची होती, म्हणून माझ्या कुलपानं चलन अडवलं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिले होते. दिगंबरनं विचार केला की आपला हरभरा आजवर कधी नापास झालेला नाही, रिझल्ट उद्या येणारच आहे. त्यानं मनानंच एक चांगला आकडा भरला. कुलूप उघडलं. माझ्या नवऱ्यानं लग्नाआधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं.

नवमीला सकाळी प्रयोगशाळेतली काचेची भांडी पुजायला म्हणून तिथले साहेब आले आणि त्यांनी सहज कागदाच्या गुंडाळ्या उलगडून पाहिल्या. त्या लॉटचे निम्मे दाणे कोंब न धरता तसेच पडून होते. त्यांनी शेठना सांगितलं. शेठ निवांत म्हणाले, ‘लॉट गोदामात असंल, ताईंचं कुलूप हाय.’ तेव्हा दिगंबर रडायला लागला.

आता तो लॉट तीनपैकी कुठल्या ट्रकमध्ये गेला हे बघायचं, एवढंच होतं. तिन्ही ट्रकांत हरभरा होता, आणि घाईत कुणाच्या चलनावर कुठला लॉट गेला ते दिगंबरला आठवेना. फाटकावरच्या वहीत नुसते ट्रक आणि पोती. चलनाची ऑफिस प्रत शेठनी बंद केली होती, संगणकात आहे तर कागद कशाला, म्हणून. आणि संगणकाची नुकतीच पूजा झाली होती. पूजा दिगंबरनंच केली होती, मनापासून. हळद, कुंकू, झेंडू. आणि नारळ फोडायला लोखंड लागतं, म्हणून त्यानं तो कॉम्प्युटरच्या लोखंडी पेटीच्या, म्हणजे कॅबिनेटच्या कोपऱ्यावर फोडला होता. नारळाला पाणी भरपूर निघालं. कॅबिनेटला वरच्या बाजूला हवेसाठी भोकं होती.

ट्रक थांबवा म्हणावं तर तिघंही वाटेत, चलनंही त्यांच्याच खिशात, आणि तीन वाटांवर तिघांनाही शोधत बसायचं तर तोवर दसरा उजाडणार. दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकानदार बियाणं विकायला काढतात. एकदा पोती सुटली की कुणी कुठं नेली ते शोधणं अशक्य. आणि हरभरा पेरला, उगवलाच नाही, तर त्या माणसाचं ते वर्ष गेलं. मी बियाण्याच्या घरात नोकरी केली, ही गोष्ट मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी त्या वेळी घरी इस्त्री हातात घेऊन विजेची वाट बघत होते. आमच्या घरी खंडेनवमी नसते. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, औरंगाबादला लेणीवर जायचं होतं, म्हणून पांढरी साडी काढून ठेवली होती. तेवढ्यात देवीच्या मांडवातल्या लाउडस्पीकरवरचं गाणं थांबलं आणि बूथवाल्याचा आवाज आला, ‘गुरुजींच्या घरच्यांना जालन्याहून फोन हाय. लई जल्दी या म्हणून राह्यले.’

फोनवर शेठ. झालेलं सगळं त्यांनी सांगितलं आणि मग विचारलं, ‘ताई, कालचा डबा पोचला का?’

डबा पोचला होता. पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाची एवढी गर्दी चढली की गाडीला उशीर झाला आणि शेखमामांनी डबा मांडीवर घेऊन आणला. थोडा वेळ वीज होती तेव्हा मी फ्लॉपी उतरवून घेतली होती. म्हणजे आख्ख्या दुनियेत तो तक्ता एकाच ठिकाणी होता, माझ्या खोलीत, आणि माझ्या खोलीत वीज नव्हती.

गावात वीज एकाच ठिकाणी होती. देवीच्या मांडवात जनरेटर चालू होता.

मी मांडवाशी गेले. मंडळाचे अध्यक्ष नामदेवआबा खुर्चीवर बसले होते. मी सांगितलं, कॉम्प्युटर लावायला जागा आणि थोडी वीज पाहिजे, बियाण्याचं काम आहे. आबांनी माझ्याकडं बघितलं, मग मागं उभ्या असलेल्या गुरुजींकडं. आमच्या वस्तीतली माणसं मांडवापर्यंत यायची, आत फारसं कुणी बसायचं नाही. ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. एक-दोघं काही बोलणार असं वाटलं. आबा म्हणाले, ‘आणा हिकडं. देवीच्या बाजूचं टेबल रिकामं हाय.’ मी तशीच घराकडं वळले.

मग आमची वरात निघाली. मॉनिटर चादरीत बांधून गुरुजींच्या सायकलच्या कॅरिअरवर, कीबोर्ड त्यांच्या गळ्यात वायरीनं अडकवलेला, आणि कॅबिनेट माझ्या कडेवर, पाण्याची कळशी घ्यावी तसं. लोक दारात येऊन बघत होते. वाळवण राखायला बसवणाऱ्या शेजारणीनं विचारलं, ‘गाव सोडून चालले का काय?’

जोडणी झाली. बटण दाबलं, पडदा उजळला, आणि स्पीकरवरच्या गाण्यात ढोल वाजला तसा पडदा आक्रसून मुठीएवढा झाला. ‘बंद करा रे ते गाणं,’ आबा म्हणाले, ‘ताईचं मशीन दम टाकून राह्यलं.’ गाणं थांबलं तसा सगळा मांडव टेबलाभोवती जमा झाला. तेवढ्यात एक म्हातारी ताट घेऊन पुढं आली. आज नवमी, हत्याराची पूजा झाल्याशिवाय त्याला कामाला लावलं तर बरं नव्हं, असं तिचं म्हणणं. ताटात हळद, कुंकू, फुलं. आणि नारळ. मी कॅबिनेटवर आडवी झाले. म्हटलं, ‘आजी, फूल वाहा, हवं तर हळद बोटानं लावा, पण नारळ तेवढा घरी न्या.’ तिनं मॉनिटरच्या डोक्यावर एक झेंडू ठेवला आणि जरा नाराजीनंच मागं सरली.

मी माझ्या दुहेरी रेघांच्या, सावलीवाल्या चौकटीत गेले, शोध निवडला, लॉटचा नंबर टाकला. पडद्यावर आलं, नोंद नाही.

पुन्हा टाकला. नोंद नाही. मागं कुणीतरी वाचून सगळ्यांना सांगितलं, ‘न्हाई म्हणतंय.’ वाटलं, दिगंबरनं फ्लॉपीच अर्धवट भरली. त्याच्या नावानं दोन शब्द ओठावर आलेही. आणि मग आठवलं. माहिती उतरवून घेतली होती, पण वीज जाईल म्हणून सूची नवी करायचं उद्यावर टाकलं होतं. रोज डब्यात चिठ्ठ्या पाठवणाऱ्या बाईनं इंडेक्स केला नव्हता.

तेव्हा नवी सूची करायला त्या मशीनला बराच वेळ लागला असता आणि जनरेटरवाला पोरगा डिझेलच्या डबड्यात डोकावून बघत होता. मी माझा सगळा मेनू बंद केला. पावसाळाभर काढलेल्या चौकटी गेल्या. उरला तो नुसता तक्ता, फॉक्सप्रोची शिकाऊ पोरं पहिल्या दिवशी शिकतात ती एका शब्दाची आज्ञा देऊन उघडलेला. ओळीखाली ओळ. मी बाण दाबत खाली जायला लागले आणि नंबर मोठ्यानं वाचायला लागले. गुरुजीही वाचायला लागले. मग आबा, मग शाळेतली पोरं. हरभऱ्याचा नंबर ऐकू आला तो एका पोराच्या तोंडून, कारण माझ्या डोळ्यांना तोवर सगळ्या ओळी सारख्याच दिसायला लागल्या होत्या. पुढं ट्रक. गेवराईचा.

मी बूथवर पळाले. शेठ फोनपाशीच बसले होते. ‘गेवराई,’ मी म्हटलं. ते म्हणाले, ‘म्हणजे शहागड,’ आणि फोन ठेवला.

त्यानंतरची वाट बघणं मला अजून नीट आठवतं. बूथच्या पायरीवर मी आणि गुरुजी बसलो होतो. मांडवात गाणं पुन्हा सुरू झालं होतं. माझं काम दसऱ्यानंतर जाणारच आहे हे डोक्यात होतं, पण त्या वेळी मला खरंच त्याचं काही वाटत नव्हतं. तो ट्रक सापडावा, एवढंच वाटत होतं. खंडेनवमीनं घोळ केला तसा तिनंच तो निस्तरला म्हणायचा. ड्रायव्हर शहागडला गोदावरीच्या पुलाजवळच्या, शेठच्याही ओळखीच्या एका ढाब्यावर थांबला होता. त्यानं ट्रक धुवून काढला होता, माळा घातल्या होत्या, आणि पूजा झाल्यावर आजच्या दिवस गाडीला हात लावणार नाही म्हणून बाजेवर निवांत आडवा झाला होता. शेठचा फोन ढाब्यावर गेला तेव्हा पोतं न् पोतं जागेवर होतं.

ते रंगीत पॅकेज पुढं आलंच. माऊसही आला. दिगंबर त्यावर आनंदानं चलनं छापायचा आणि संध्याकाळी फ्लॉपी भरून डबा गाडीवर द्यायचा. शेठनी मात्र पहिली गोष्ट ऑफिस प्रत पुन्हा सुरू करायची केली. मी कुलूप बदलून त्यालाही लावलं, आकडा आता प्रयोगशाळेनंच आपल्या परवलीच्या शब्दानं भरायचा. मी माऊस शिकले, पुढं चित्रांचे प्रोग्रामही लिहिले, आणि माझा तात्त्विक विरोध कुणाला न सांगता मागं घेतला. चौकटी पुन्हा काढल्या नाहीत. घरी टेलिफोनची तार आली, मग मोडेम आला, आणि एसटी जेवढा वेळ घ्यायची जवळजवळ तेवढाच वेळ घेऊन फायली जायला लागल्या. शेखमामांना डब्याची इतकी सवय झाली होती की ते दोन-चार वेळा रिकामा डबाच मागायला आले.

पण त्या दुपारी हे काहीच झालेलं नव्हतं. बूथवाल्यानं आतून हाक मारली आणि मी रिसीव्हर घेतला.

‘ट्रक सापडला, ताई,’ शेठ म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. मग म्हणाले, ‘माझं चुकलं. तुमचं काम बंद करायचं न्हाई. पण एवढ्या कामाचं माणूस एवढ्या लांब ठेवणं बिलकुल बराबर न्हाई. तुम्ही जालन्याला या. खोली मी बघतो, गुरुजींच्या बदलीचंही बघतो. दिगंबरच्या शेजारी टेबल टाकतो, आजपासून सगळं एका जागी.’

गंमत बघा. लांबून काम होतं हे एवढ्या थाटात सिद्ध केलं, आणि बक्षीस काय, तर लांब राहू नका. हो म्हणायचा मोह झाला. जालना माझं गाव, तिथं आई-बाबा, तिथं माझी खुर्ची. मी काचेतून बाहेर बघितलं. गुरुजी पायरीवर बसून कीबोर्डच्या वायरीचा गुंता सोडवत होते.

‘शेठ,’ मी म्हटलं, ‘आज मी जालन्यात असते तर माझंही मशीन दिगंबरच्या शेजारच्या टेबलावर असतं. आणि दिगंबरनं दोन नारळ आणले असते.’

मग शेठ हसले की खोकले ते मला नीट कळलं नाही. म्हणाले, ‘मंग राहा तिकडंच. उद्या डबा पाठवतो.’

मी बाहेर आले. गुरुजींनी वर बघून विचारलं, ‘काय म्हणाले?’

‘राहा म्हणाले.’

‘कुठं?’

‘इथंच,’ मी म्हटलं, आणि कॅबिनेट उचलायला मांडवाकडं निघाले.